खोली कुठल्या स्टेशनवर आहे?

संत तुकाराम नगरातून युरोपला जाणाऱ्या माणसाचं आता कुणाला नवल वाटत नाही. पिंपरीची केएसबी मूळची जर्मनीतल्या फ्रँकेन्थालची, चिंचवडची एसकेएफ स्वीडनमधल्या गॉथेनबर्गची, दापोडीच्या सँडविक आणि अल्फा लावल याही मुळात स्वीडिश. मर्सिडीज तर नव्वदच्या दशकात पिंपरीतच, टेल्कोच्या आवारात जुळायला लागली होती. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली उभा राहिला आणि जर्मनीच्या फेऱ्या आणखी वाढल्या. बजाजमुळे ऑस्ट्रियातलं माटिगहोफेन हे केटीएमचं छोटं गावसुद्धा इथल्या काही घरांत ओळखीचं आहे. कंपनीच्या खर्चानं जाणाऱ्याला राहायचं कुठे हा प्रश्न फारसा पडत नाही. तो पडतो स्वतःच्या खिशातून जाणाऱ्याला. भोसरीत चार सीएनसी लावून बसलेला कारखानदार, म्युनिकच्या मुलाकडे जाऊन पुढे आठवडाभर इटली बघायची ठरवलेले निवृत्त आईवडील, दोन मुलांना घेऊन सुट्टीत पॅरिस करायला निघालेलं जोडपं, ही ती माणसं. यांच्याकडे मोबाइल असतो, मोबाइलवर दीड हजार हॉटेलं असतात आणि प्रत्येकासमोर लिहिलेलं असतं: केंद्रापासून १.८ किलोमीटर, केंद्रापासून ४.३ किलोमीटर.

या आकड्यावर विसंबून खोली घेणं ही मला सगळ्यात महागाची चूक वाटते. का, ते पिंपरीकरांना सांगणं सोपं आहे, पेठेतल्या माणसाला जरा अवघड.

समजा जर्मनीहून कुणी पुण्यात येतोय आणि त्याला शनिवारवाडा, मंडई, डेक्कन असं बघायचंय. नकाशावर संत तुकाराम नगर शहराच्या मध्यापासून बरंच लांब दिसतं. पण ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ ला ती सिव्हिल कोर्टापर्यंत गेली, २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटला पोचली. आज संत तुकाराम नगर स्टेशनच्या चालत्या अंतरावर खोली घेतलेला माणूस अर्ध्या तासाच्या आसपास मंडईत उतरतो, आणि सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली तर वनाज किंवा रामवाडीकडेही जातो. शिवाय वल्लभनगरचा एसटी स्टँड जवळ, कासारवाडीची लोकल हाताशी. याउलट कोंढव्यात किंवा सूसला खोली घेतलेला माणूस नकाशावर जवळ असूनही रिक्षा शोधत बसतो. आणि चाकणचं हॉटेलही संकेतस्थळावर ‘पुणे’ म्हणूनच खपतं, हे तर आपल्याला माहीतच आहे. मोशीच्या चौकात अडकलेल्या पाहुण्याला ते उशिरा कळतं.

युरोपातल्या शहरांचंही हेच आहे, फक्त मोठ्या शहरांत मेट्रोच्या लायनी दोन नसून अनेकदा दहा-पंधरा असतात. म्हणून केंद्रापासूनचे किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि तीन गोष्टी बघाव्यात. खोलीपासून स्टेशन किती मिनिटं चालत, त्या स्टेशनवरून जिथे जायचं तिथे गाडी न बदलता जाता येतं का, आणि रात्री शेवटची गाडी किती वाजता. माझ्या मते भाड्याचा आकडा या तीन उत्तरांनंतर बघावा, आधी नाही.

पॅरिस घ्या. शहराचे वीस वॉर्ड आहेत, मध्यापासून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे फिरत बाहेर जाणारे. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे वॉर्डाचा क्रमांक, म्हणजे ७५००५ हा पाचवा, ७५०१४ हा चौदावा. पिनकोड ७५ नं सुरू होत नसेल तर ते हॉटेल पॅरिसच्या हद्दीबाहेरचं, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आपल्या पिंपरीच्या ४११०१८ वरून असा काही पत्ता लागत नाही. व्हिएन्नातही ही सोय आहे, तिथे मधले दोन आकडे बघायचे: १०७० म्हणजे सातवा वॉर्ड. पॅरिसमध्ये पहिल्या ते आठव्या वॉर्डात खोलीचे दर चढे असतात आणि त्या पैशात मिळणारी खोली बहुतेक वेळा इतकी लहान असते, की बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही. बारा, तेरा, चौदा, पंधरा हे दक्षिण आणि पूर्वेकडचे वॉर्ड म्हणजे राहत्या लोकांच्या वस्त्या. तिथे बेकरी आहे, भाजीबाजार आहे, शाळा सुटल्यावर मुलांचा गोंगाट आहे आणि मेट्रो कोपऱ्यावर आहे. चौदाव्यातलं दांफेर-रोशरो स्टेशन तर शार्ल द गोल विमानतळावरून येणाऱ्या आरईआर बी या गाडीवरच आहे, बॅगा घेऊन गाडी बदलायला नको. चौदा नंबरची मेट्रो २०२४ च्या जूनपासून ओर्ली विमानतळापर्यंत जाते, त्यामुळे तेराव्या वॉर्डाचंही भाग्य उजळलं. आणि २०२५ च्या सुरुवातीपासून पॅरिस परिसरात मेट्रो-रेल्वेचं तिकीट अंतर न बघता एकसारखं झालं, तेव्हा अडीच युरो. विमानतळाचं तिकीट मात्र वेगळं आणि महाग.

आता हिशोब मांडू. मध्यवर्ती खोली १७० युरोची आणि चौदाव्या वॉर्डातली ११५ ची असं समजू. दोघांनी दिवसात चार-चार वेळा मेट्रो घेतली तरी वीस युरो. खरं तर मध्यात राहणाराही आयफेल टॉवरला चालत जात नाही, तोही तिकीट काढतोच. पस्तीस युरो दर रात्री वाचले. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पाच रात्रींचे साडेसतरा हजार. पण हीच स्वस्त खोली मेट्रोपासून पंचवीस मिनिटांवर असेल आणि दोनदा टॅक्सी करावी लागली, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बर्लिनमध्ये हा विचार आणखी सोपा आहे, कारण शहराभोवती लोकल गाडीचं एक कडंच आहे. सदतीस किलोमीटरची ही रिंगबान साधारण तासाभरात पूर्ण वर्तुळ मारते. त्या कड्याच्या आत किंवा कड्यावरच्या स्टेशनाजवळ कुठेही खोली घेतली तरी चालतं, बर्लिनला तसं एकच एक केंद्र नाहीच. बर्लिनचा विमानतळ मात्र तिकिटाच्या सी विभागात येतो, शहरात फिरायचं एबीचं तिकीट तिथे चालत नाही. रोममध्ये मेट्रो थोडकी आहे, म्हणून तिथे निवड आपोआप आखडते. ए आणि बी या दोन लायनी तेर्मिनी स्टेशनवर भेटतात. व्हॅटिकन, स्पॅनिश पायऱ्या हे सगळं ए लायनीवर, कोलोसियम बीवर. ए लायनीवर तेर्मिनीच्या पलीकडे सान जोव्हान्नी, रे दी रोमा या बाजूला राहिलं तर भाडं उतरतं आणि संध्याकाळी खाली उतरून जेवायला माणसांची वस्ती मिळते.

लंडन शेंगेन या युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात नाही, त्याचा व्हिसा वेगळा, पण नियम तोच. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची. त्याची वास्तू वायव्येकडे डॉलिस हिलला आहे, शहराच्या मध्यापासून बरीच लांब. पण डॉलिस हिल ज्युबिली लायनीवर आहे आणि ती लायन बेकर स्ट्रीट, वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, लंडन ब्रिज अशी शहराच्या पोटातून जाते. त्याच लायनीवर डॉलिस हिलच्या पलीकडे, उलट दिशेला, वेम्ब्ली पार्क. त्या परिसरात शाकाहारी गुजराती जेवण सहज मिळतं आणि आईवडील सोबत असले की त्याचं मोल कळतं. फक्त वेम्ब्लीच्या स्टेडियमवर सामना किंवा मैफल असेल त्या रात्री तिथल्या खोल्यांचे दर बघून हबकायला होतं.

मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ राहावं की नाही, यावर दोन तट आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. बाजूनं बोलायचं तर बॅगा ओढाव्या लागत नाहीत, पहाटेची गाडी चुकत नाही आणि जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानं बंद असतात तेव्हा दूध-ब्रेड मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे मोठ्या स्टेशनातली दुकानं. म्युनिक, झुरिक, व्हिएन्ना इथे स्टेशनाजवळ राहण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. विरुद्ध बोलायचं तर फ्रँकफुर्ट. तिथल्या मुख्य स्टेशनासमोरचा बानहोफ्सफिअर्टेल हा भाग वेश्यावस्ती आणि उघड्यावर चालणाऱ्या अमली पदार्थांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली हॉटेलं स्वस्त असतात, आतून चांगलीही असतात, आणि भुरट्या चोरीपलीकडे पाहुण्याला सहसा काही होतही नाही. पण रात्री दहाला साठीच्या आईला घेऊन त्या गल्लीतून चालणं वेगळं. स्टेशनच्या दुसऱ्या, दक्षिणेच्या बाजूला किंवा माइन नदीपलीकडे साक्सेनहाउझेनला खोली बघितली तर हा त्रास वाचतो. पॅरिसचं गार दु नोर, रोमचं तेर्मिनी यांचंही थोडं असंच: गल्लीगणिक फरक पडतो. अशा वेळी नकाशातलं रस्त्यावरचं छायाचित्र उघडून हॉटेलच्या दारापासून स्टेशनपर्यंत बोटानं चालून बघावं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि शंभर अभिप्राय वाचण्यापेक्षा जास्त सांगून जातं.

आता या सगळ्याला छेद देणारं शहर: व्हेनिस. तिथे मेट्रोचं गणित चालत नाही, कारण मेट्रोच नाही, रस्तेही नाहीत. पाण्यातल्या व्हेनिसमधली खोली महाग, म्हणून बहुतेक भारतीय पुलाच्या अलीकडे, जमिनीवरच्या मेस्त्रेला उतरतात. मेस्त्रेहून रेल्वे दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला सोडते, तिकीट किरकोळ, खोली मोठी, लिफ्ट आहे. प्रशासकीय दृष्ट्या मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं. म्हणून २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांवर जो पाच युरोंचा प्रवेश कर लागू झाला, तो मेस्त्रेत मुक्काम असणाऱ्याला माफ आहे, आधी ऑनलाइन नोंद करून सवलतीचा कोड मात्र घ्यावा लागतो. एवढं सगळं मेस्त्रेच्या बाजूनं असूनही मी म्हणेन, एकच रात्र असेल तर पाण्यातच राहा. सहानंतर दिवसाचे पाहुणे परततात आणि मग ते शहर दिसायला लागतं. व्हेनिसला जायचं ते त्यासाठीच, आणि नेमका तोच भाग मेस्त्रेची शेवटची गाडी पकडायच्या घाईत निसटतो. अट एकच. बॅग उचलता येईल एवढीच हवी, कारण प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या, आणि व्हॅपोरेत्तो या पाण्यातल्या बसचं एकेरी तिकीटच साडेनऊ युरो. तीन-चार रात्री असतील, किंवा गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, तर मेस्त्रेच. फ्लॉरेन्स, साल्झबुर्ग, ब्रुज अशा चालत संपणाऱ्या गावांतही मध्याजवळ राहण्याला अर्थ आहे. मोठ्या शहराचा नियम तिथे लावू नये.

प्रदर्शनांना जाणाऱ्या भोसरी-चाकणच्या उद्योजकांसाठी मात्र जागेपेक्षा तारीख मोठी. हानोफर हे पाच-साडेपाच लाख वस्तीचं शहर, म्हणजे पिंपरी-चिंचवडपेक्षा कितीतरी लहान. पण तिथलं प्रदर्शनाचं मैदान जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानांपैकी एक. पहिलं प्रदर्शन १९४७ साली भरलं, युद्धानंतरच्या पडझडीत, शहराच्या कडेला लात्सेनमधल्या हलक्या धातूंच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये. तेव्हा हॉटेलं नव्हतीच. गावातल्या गृहिणींनी घरातली एक खोली पाहुण्यांना देऊन वेळ निभावली आणि पुढे तो शिरस्ताच पडला. एकाच कुटुंबाकडे वर्षानुवर्षं उतरणारे व्यापारी होते. आजही एप्रिलमध्ये हानोफर मेसे किंवा सप्टेंबरात यंत्रसामग्रीचं ईएमओ भरतं तेव्हा शहरातल्या साध्या हॉटेलांचे दर नेहमीच्या कितीतरी पट होतात. भारत २००६ आणि २०१५ साली हानोफर मेसेचा भागीदार देश होता, तेव्हा आपल्याकडून गेलेल्यांनी ही भाववाढ चांगलीच अनुभवली असणार. ईएमओ दर विषम वर्षी भरतं, दोनदा हानोफर आणि मग एकदा मिलान अशा पाळीनं. २०२३ आणि २०२५ हानोफरला झालं.

यावरचा उपाय जुना आणि चोख आहे: हानोफरमध्ये राहायचंच नाही. हिल्डेसहाइम, ब्राउनश्वाइग, सेले, थोडं लांब ग्यॉटिंगेन, ही गावं रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. हिल्डेसहाइमकडून येणारी लोकल तर थेट मैदानालगतच्या मेसे-लात्सेन स्टेशनला थांबते. मुख्य स्टेशनावर उतरलात तरी ट्राम मैदानापर्यंत नेते. फ्रँकफुर्टला सम वर्षी सप्टेंबरात ऑटोमेकानिका भरतं. चाकणच्या सुट्या भागांच्या पुरवठादारांसाठी ते मोठं ठिकाण, आणि तिथे माइन्झला राहणं हीच युक्ती: माइन्झ, विमानतळ आणि फ्रँकफुर्ट मुख्य स्टेशन हे तिन्ही एकाच एस ८ लोकलवर आहेत. वोल्फ्सबुर्गला कामासाठी जाणाऱ्यानं ब्राउनश्वाइग बघावं. माटिगहोफेनचा माणूस साल्झबुर्गला राहायला जाईल, पण जुलै-ऑगस्टात तिथे १९२० पासून चालत आलेला संगीत-नाट्य महोत्सव असतो आणि खोल्या हाती लागत नाहीत. म्युनिकचा सप्टेंबर तर दुहेरी धोक्याचा, कारण विषम वर्षी मोटारींचं आयएए प्रदर्शन आणि दरवर्षी ऑक्टोबरफेस्ट. ते नावानं ऑक्टोबरचं असलं तरी सुरू होतं सप्टेंबरातच. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या गावाच्या प्रदर्शन मैदानाचं वेळापत्रक बघावं. पर्यटनाला जाणाऱ्यानंही बघावं. त्याला प्रदर्शनाशी काही देणंघेणं नसलं तरी भाडं त्यालाही तेवढंच पडतं.

आठवड्याचे वारही दर ठरवतात, आणि हे आपल्याकडे फारसं कुणी लक्षात घेत नाही. ब्रसेल्स, फ्रँकफुर्ट, लक्झेंबर्ग ही कामकाजाची शहरं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शुक्रवार ते रविवार ओस. ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या कचेऱ्यांजवळची चांगली हॉटेलं शनिवारी निम्म्या दरात मिळालेली पाहिली आहेत. प्राग, बार्सिलोना, व्हेनिस यांचं उलट, शनिवार महाग. सहलीचा क्रम या हिशोबानं फिरवला तर काहीही न सोडता पैसे वाचतात. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे फुकट आहे, पहिला वर्ग सोडून. तिथे लांब राहण्याचा खर्च शून्य.

दाखवलेल्या भाड्यात काय नाही, हा पुढचा प्रश्न. बहुतेक मोठ्या शहरांत मुक्कामावर नगरपालिकेचा कर असतो आणि तो अनेकदा हॉटेलच्या काउंटरवर वेगळा मागतात. रोममध्ये तो दर माणशी दर रात्री ताऱ्यांनुसार लागतो: तीन ताऱ्यांना सहा युरो, चारला साडेसात, पाचला दहा, जास्तीत जास्त दहा रात्री. चौघांचं कुटुंब चार रात्री तीन ताऱ्यांत राहिलं तर शंभरच्या आसपास युरो हे असेच गेले. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून हा कर भाड्याच्या साडेबारा टक्के, आणि २०२६ पासून नेदरलँड्सनं मुक्कामावरचा मूल्यवर्धित करही नऊवरून एकवीस टक्क्यांवर नेला आहे. बर्लिनचा दर २०२५ पासून साडेसात टक्के. याउलट स्वित्झर्लंड महाग म्हणून सगळे घाबरतात, पण बासेलमध्ये हॉटेलात उतरलेल्या प्रत्येकाला पाहुण्याचं कार्ड मिळतं आणि त्यावर शहरातली ट्राम-बस मुक्कामभर फुकट. जिनिव्हातही तशी सोय आहे. झुरिकमध्ये नाही. म्हणजे तुलना करताना भाड्याशी भाडं जुळवून उपयोग नाही. कर, तिकीट, न्याहारी धरून एका दिवसाचा आकडा काढायचा.

न्याहारी माणशी पंधरा युरोंची असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाव, चीज, दही, फळं, कॉफी. यातलं सगळं कोपऱ्यावरच्या बेकरीत आणि किराणा दुकानात पाच-सहा युरोंत भागतं. खोलीत चहाची किटली मिळेल हे गृहीत धरू नका, ब्रिटनमध्ये ती असते, जर्मनी-इटलीत असेलच असं नाही. आणि स्वयंपाकाची शेगडी बॅगेतून नेणाऱ्यांना एक विनंती: खोलीत फोडणी देऊ नका. धुराचा अलार्म वाजला की अग्निशमन दलाचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

तारे किती, यावर फार जाऊ नये. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, स्वीडन, स्वित्झर्लंड वगैरे देशांनी २००९ पासून ताऱ्यांचे एकसारखे निकष लावायला सुरुवात केली, फ्रान्स-इटलीचे आपापले. पण सगळीकडे तारे मोजतात ते सोयी. बिछाना स्वच्छ आहे का आणि खिडकीखाली रात्रभर दारूचा अड्डा चालतो का, हे ताऱ्यांत येत नाही. ते अभिप्रायांत येतं, आणि अभिप्राय वाचायचे ते अलीकडचे आणि कमी गुणांचे. एखाद्यानं वायफाय मंद म्हणून तक्रार केली असेल तर सोडून द्यावी. ढेकूण, गोंगाट, बंद पडलेली लिफ्ट असे शब्द दोनदा दिसले की पुढच्या हॉटेलाकडे वळावं. साखळीतली स्वस्त हॉटेलं, म्हणजे फ्रान्सची इबिस आणि बी अँड बी, म्युनिकची मोटेल वन, ब्रिटनची प्रीमियर इन, ही रुक्ष असतात, पण आत काय मिळणार हे आधीच ठाऊक असतं. अनोळखी शहरातल्या पहिल्या रात्रीसाठी मला तेच बरं वाटतं.

खोलीच्या आतल्या दोन-तीन गोष्टी मराठी कुटुंबांना हमखास नडतात. डबल म्हणजे एकच पलंग. मावशी आणि आईसाठी खोली घेताना ट्विन, म्हणजे दोन वेगळे पलंग, असं बघून घ्यावं लागतं. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या जुन्या घरांतले जिने शिडीइतके उभे असतात, तिथे लिफ्ट आहे का हे विचारल्याशिवाय ज्येष्ठांना नेऊ नये. जुलै-ऑगस्टात एसी आहे का ते बघावं, युरोपात तो सगळीकडे नसतो आणि आता तिथला उन्हाळाही चाळीसला टेकतो. राहिला संडासातला पाण्याचा प्रश्न. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशानं घरातल्या न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं वेगळं भांडं, असणं सक्तीचं झालं आणि तिथल्या हॉटेलांतही तो बहुधा असतो. बाकी बहुतेक देशांत रिकामी बाटली हाच आधार.

ग्रुप टूरनं जाणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते, हॉटेल गावाबाहेर हायवेवर दिलं. मराठी माणसाला युरोप दाखवला तो मुख्यतः टूर कंपन्यांनी. केसरी १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची, आणि अशा सहलींतून पहिल्यांदा परदेशी गेलेली कितीतरी घरं आपल्या आसपास आहेत. हॉटेल बाहेर असण्यामागे निव्वळ काटकसर नाही. युरोपात बसचालकाच्या तासांवर कडक नियम आहेत: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, दिवसाचं चालवणं साधारण नऊ तास, तेही गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. रोम, फ्लॉरेन्ससारख्या शहरांत पर्यटक बसला आत यायला वेगळे पैसे भरावे लागतात. पन्नास माणसांची बस जुन्या गल्लीत लागतही नाही. एवढ्या माणसांच्या खोल्या एकदम, संध्याकाळी वरण-भात आणि पहाटे निघायची सोय हवी असेल, तर हॉटेल बाहेरच असणार. ज्याला संध्याकाळी शहरात पाय मोकळे करायचेत त्यानं ग्रुप टूर घेऊ नये, आणि ज्यानं ती घेतली आहे त्यानं यावर रुसू नये.

भाड्याच्या फ्लॅटचा पर्याय चौघांच्या कुटुंबाला अजूनही चांगला पडतो, कारण दोन खोल्यांऐवजी एक घर आणि कुकर लावायला ओटा. पण शहरं त्याच्या विरोधात उठली आहेत. बार्सिलोनानं २०२४ साली जाहीर केलं, की पर्यटकांसाठीच्या दहा हजारांवर फ्लॅटांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर चालू ठेवायचे नाहीत. स्थानिकांना परवडणारी घरं उरत नाहीत हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. विनापरवाना फ्लॅट घेतला आणि तो ऐन वेळी रद्द झाला तर दारात बॅगा घेऊन उभं राहावं लागतं. म्हणून जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आहे का बघावं. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट-हॉटेल हा मधला मार्ग मला जास्त निर्धोक वाटतो.

बुकिंग कुठून करावं? आधी संकेतस्थळांवर शोधावं आणि मग हॉटेलच्या स्वतःच्या पानावर दर बघावा. पूर्वी बुकिंग डॉट कॉमच्या करारात हॉटेलनं आपल्या पानावर कमी दर लावू नये अशी अट असे. २०२४ साली युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे युरोपात ती अट सोडावी लागली. त्यामुळे थेट घेतल्यावर न्याहारी किंवा पाच-दहा टक्के सवलत मिळण्याची शक्यता खरी आहे. व्हिसासाठी मात्र रद्द करता येणारीच खोली घ्यावी. शेंगेनच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि जून २०२४ पासून नव्वद युरो शुल्क लागतं, जे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. त्यात परत न मिळणाऱ्या खोलीचे पैसे कशाला अडकवायचे? पण व्हिसा हातात पडल्यावर सगळी बुकिंगं मोडून दुसऱ्याच देशात मुक्काम हलवणं शहाणपणाचं नाही. अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे केलेला असतो, आणि विमानतळावर तेच विचारू शकतात.

राहता राहिला पहिला दिवस. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारी बरीच विमानं फ्रँकफुर्ट-म्युनिकला सकाळी सातच्या सुमारास उतरतात. खोली मिळते दुपारी दोन-तीनला. बहुतेक हॉटेलं तोवर बॅगा फुकट ठेवून घेतात, पण छोट्या हॉटेलांत आणि फ्लॅटांत काउंटरवर माणूसच नसतो, चावी दाराशेजारच्या पेटीत असते आणि पेटीचा आकडा ईमेलवर दुपारी येतो. रात्री उशिराच्या गाडीनं पोचणाऱ्याचंही तेच, रात्री दहानंतर रिसेप्शन बंद. बुकिंग करतानाच दोन ओळींचा ईमेल टाकून विचारावं की सकाळी आठला बॅगा ठेवून घ्याल का, आणि उत्तर एका दिवसात आलं नाही तर खोली रद्द करून टाकावी.